नित्याच्या वाटेवरचे न वाचलेले दप्तर

(वडनेर भोलजी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मलकापूर आणि नांदुरा यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव वसले आहे. सकाळी येथून विद्यार्थी नांदुऱ्याला किंवा मलकापूरला जातात, शेतकरी बाजार समितीत माल नेतात, नोकरदार मंडळी कचेरी गाठतात आणि सायंकाळी त्याच वाटेने परततात. वर्षातून शेकडो वेळा होणारा हा प्रवास आहे. या प्रवासात नेमके काय दिसले, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : नांदुऱ्याची १०५ फूट उंच हनुमंताची मूर्ती. ती दुरून दिसते, भाविकांचे हात आपोआप जोडले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु जे १०५ फूट उंच नाही, ते मात्र कोणालाच दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ताजमहाल कोणी बांधला हे शाळेतला मुलगा चटकन सांगतो. आपल्या गावची वेस केव्हाची, पारावरचा वड कोणी लावला, विहिरीच्या आतील कोनाड्यात दिवा का लावत असत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुस्तकातला इतिहास परका वाटतो आणि वाटेवरचा इतिहास हा इतिहास आहे हेच कळत नाही. वास्तविक गावाभोवतीची प्रत्येक जुनी वास्तू हे गावाच्या दप्तरातले एक पान असते. ते वाचणारा नसला की पान फाटते आणि फाटले हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

पांढर आणि काळी

या दप्तराचे पहिले पान पायाखालीच आहे. वऱ्हाडात गावाच्या वस्तीच्या जागेला ‘पांढर’ आणि कसण्याच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात. हे केवळ मातीचे रंग नव्हेत. काळ्या जमिनीच्या या प्रदेशात माणसाने शतकानुशतके एकाच ठिकाणी घरे बांधली, ती पडली, त्याच मातीवर पुन्हा उभी राहिली. चुलीची राख, शेणामातीची सारवणे, भिंतींचा चुरा यांचे थर साचत गेले आणि जागा उंच होत गेली. गावात शिरताना चढ लागतो आणि पाटलांची किंवा देशमुखांची गढी त्याहून उंच टेकाडावर असते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

गावाबाहेर ओसाड पडलेल्या अशा पांढरी अनेक ठिकाणी आहेत. त्यांची माती खत म्हणून शेतात नेली जाते, धाब्याच्या घरांवर टाकली जाते. त्या मातीबरोबर खापरे, विटा, मणी, नाणीही जातात. ही माती काय सांगू शकते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. सन २००० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. तेव्हा विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आणि त्यांचा काळ मौर्यकाळापर्यंत मागे नेण्यात आला. त्याच ठिकाणी भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरीही मिळाल्या. दोन हजार वर्षांपूर्वी पूर्णेच्या काठी एक नांदते नगर होते! त्यावरून रोज बैलगाड्या जात होत्या आणि कोणाला त्याची कल्पना नव्हती.

गोड पाण्याचे मोल

पूर्णेच्या खोऱ्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. येथे भूगर्भातील पाणी क्षारयुक्त आहे. विहीर खोदली म्हणून पिण्याचे पाणी मिळेल याची शाश्वती नसे. अशा मुलखात ज्या विहिरीला गोडे पाणी लागले, तिचे मोल काय असेल याची कल्पना नळ सोडणाऱ्या आजच्या पिढीला येणे कठीण आहे. म्हणूनच ती विहीर दगडात बांधून काढली जाई, तिला पायऱ्या केल्या जात, कोनाड्यात देव बसवला जाई. देवाच्या उपस्थितीत पाणी घाण करायला माणूस धजत नसे. ही व्यवस्था श्रद्धेची होती, तशीच आरोग्याचीही होती.

नळयोजना आल्या आणि विहिरीवरची वर्दळ थांबली. पाणी उपसले जाईना, म्हणून ते कुजले. कुजले म्हणून तेथे कचरा पडू लागला. शेवटी ‘मुले पडतील’ म्हणून ती बुजवण्यात आली. या तीन पायऱ्यांनी महाराष्ट्रातील असंख्य विहिरी आणि बारवा नाहीशा झाल्या. सुदैवाने अलीकडच्या वर्षांत राज्यात ठिकठिकाणी तरुणांनी बारवांतील गाळ उपसून त्यांची नोंद करण्याचे काम हाती घेतले आहे. महाशिवरात्रीला बारवेत दीपोत्सव होऊ लागले आहेत. ज्या बारवेत पुन्हा माणसे उतरली, ती बारव वाचली, हा त्यांचा अनुभव आहे.

स्थानकाची पाटी आणि धुरांडे

जुने म्हणजे केवळ देवळे आणि किल्ले, असाही एक समज आहे. तो दूर करायचा तर नांदुरा रेल्वेस्थानकावर उभे राहावे. फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. रोज ती पाटी हजारो डोळ्यांसमोरून जाते. रूळ टाकण्यासाठी जमिनीची उंचसखलता मोजावी लागते, त्या मोजणीची ती खूण आहे.

हा लोहमार्ग १८६० च्या दशकात वऱ्हाडातून पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्यामागे प्रजेच्या सोयीपेक्षा कापसाचे कारण मोठे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड १८५३ मध्येच इंग्रजांच्या हाती आला होता. जलंबहून खामगावला जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा केवळ खामगावच्या कापूस बाजारासाठी टाकण्यात आला. १८७० मध्ये त्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत झाले. एका तालुक्याच्या गावाच्या फाट्यासाठी साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी येतो, यातच त्या कापसाचे मोल कळून येते.

या पट्ट्यातील गावांत जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या आवारांतून विटांची उंच धुरांडी उभी राहिली. कापसातून सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, त्यासाठी वाफेचे यंत्र चालवायचे आणि त्या यंत्राच्या भट्टीचा धूर वर सोडायचा, असा तो कारभार होता. पुढे वीज आली, भट्टी विझली, धुरांडे तेवढे राहिले. त्याच्या सावलीत वऱ्हाडी शेतकऱ्याने पहिल्यांदा जगाच्या बाजाराचा भाव ऐकला, त्या भावाबरोबर वर चढला आणि त्याच भावाबरोबर खालीही आला. कापसाच्या भावाची चिंता आजही ज्या घरांत जागते, त्या घरांच्या इतिहासाचे ते धुरांडे स्मारक आहे. त्याची नोंद मात्र ‘प्लॉट पाडण्यातील अडथळा’ एवढीच होते.

शेंदराखालचे वीर

आता थोडे कटू बोलणे आवश्यक आहे. वास्तूंचा नाश म्हटले की आक्रमकांची नावे पुढे येतात. इतिहासात तसे घडले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गेल्या पन्नास वर्षांत गावागावांतील जुन्या मंदिरांची जी हानी झाली, तिच्यातील मोठा वाटा श्रद्धाळू हातांचा आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात अनेक गावांच्या वेशीपाशी, मारुतीच्या देवळाजवळ कोरीव दगड उभे असतात. त्यांतील काही वीरगळ असतात. सर्वांत खाली युद्धात पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य अशी त्यांची रचना असते. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. गावाची गुरे सोडवताना किंवा वेशीचे रक्षण करताना पडलेल्या सामान्य माणसाचे ते स्मारक आहे. त्यावर शेंदराचे थर चढतात, त्याला नवे नाव मिळते, वीर दिसेनासा होतो.

मंदिरांचेही तेच. ज्यांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले जाते, त्या मंदिरांचे दगड चुन्याशिवाय, एकमेकांत अचूक बसवून रचलेले असतात. हेमाद्री हे तेराव्या शतकातील यादव राजांचे मंत्री. त्यांच्या जन्माआधी उभ्या राहिलेल्या मंदिरांनाही त्यांचेच नाव चिकटले आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहिले म्हणजे या दगडी शिल्पाची उंची ध्यानात येते. अशा मंदिराचा ‘जीर्णोद्धार’ म्हणजे दगडाला तैलरंग, शिलालेखावर चकचकीत फरशी आणि सांध्यांत सिमेंट, असे समीकरण झाले आहे. रंगाखाली दगडाचा श्वास कोंडतो, सिमेंटने ओल आत अडते आणि आठशे वर्षे उभा असलेला खांब पन्नास वर्षांत खिळखिळा होतो. भक्ती खरी असते, वर्गणीही प्रामाणिक असते, नुकसान मात्र कायमचे होते. जीर्णोद्धार समितीच्या पहिल्या बैठकीला गवंड्याबरोबर एखाद्या जाणकाराला बोलावले, तर यातील बरेचसे टळू शकते.

एका जिल्ह्यातील किती पाने!

बुलढाणा जिल्ह्यात अशी पाने किती आहेत! सिंदखेड राजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. दर वर्षी १२ जानेवारीला लाखोंची गर्दी तेथे लोटते. तेथेच जिजाऊंचे पिता लखुजीराव जाधव यांची समाधी आहे. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशाहीच्या दरबारात त्यांची मुलांसह हत्या झाली. जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून या समाधीच्या परिसरात संवर्धनाचे काम चालू असताना काही दगड उघडे पडले. ते पाहून पुढे खोदल्यावर मंदिराचा पाया लागला आणि त्यानंतर सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती प्रकट झाली. लांबी सुमारे पावणेदोन मीटर, पायाशी लक्ष्मी, पीठावर समुद्रमंथनाचा देखावा. पिढ्यान्पिढ्या माणसे त्या जागेवरून चालत होती. काम करणाऱ्यांनी ‘कसले तरी दगड’ म्हणून ते बाजूला सारले असते, तर मूर्ती आजही जमिनीतच असती.

मेहकरला १८८८ मध्ये असेच खोदकाम चालू असताना शार्ङ्गधर बालाजीची दहा फुटांहून उंच, देखणी मूर्ती मिळाली. सरकार ती नेणार अशी वार्ता पसरताच गावकऱ्यांनी तातडीने तिची प्रतिष्ठापना केली, असे परंपरा सांगते. मूर्ती गावात राहिली ती गाव जागे होते म्हणून.

लोणारचे सरोवर तर जगाच्या अभ्यासाचा विषय. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले आणि नंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मानले गेले. १९७० च्या दशकातील संशोधनाने ते अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झाल्याचे सिद्ध केले. परंतु लोणारच्या खाऱ्या पाण्यापासून काच आणि साबणाची सामग्री मिळते, ही नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’त आहे आणि लवणासुराची कथा त्याहून जुनी. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. काठावरच्या माणसाने मात्र हा बदल पहिल्या दिवशीच पाहिला असणार.

सिंदखेड राजा तालुक्यातीलच साखरखेर्डा हे गाव घ्या. १७२४ मध्ये येथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिज खान यांची लढाई झाली. बाजीराव पेशव्यांनी निजामाला साहाय्य केले होते. निजाम जिंकला, गावाचे नाव ‘फत्तेखेर्डा’ ठेवले गेले आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. पुढे १९४८ पर्यंत दक्षिणेच्या राजकारणाला ज्या सत्तेशी झुंजावे लागले, तिचा जन्म या शिवारात झाला. मोताळा तालुक्यात रोहिणखेडला १५८२ ची कोरीव दगडी मशीद आहे. ती ज्या काळाची साक्ष देते, तो काळही या भूमीवरून गेला आहे. आवडती पाने ठेवावी आणि नावडती फाडावी, असे दप्तराचे वाचन होत नाही.

जाते ते कसे जाते

या सर्वांचे रक्षण सरकार करील, असे म्हणून स्वस्थ बसता येईल काय? देशात केंद्राच्या संरक्षणाखाली ३,६९३ स्मारके असल्याची नोंद होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात प्रत्यक्ष पाहणीत ९२ स्मारके जागेवर आढळली नाहीत, असे नमूद झाले. पुढे त्यांतील काहींचा शोध लागला. २०२२ च्या अखेरीस संसदीय समितीपुढे जी माहिती आली, तिच्यानुसार १४ स्मारके शहरांच्या वाढीत गेली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. रखवालदार होते ते अवघ्या २४८ ठिकाणी. संरक्षित स्मारकांची ही स्थिती, तर ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्यांचे काय?

हा प्रश्न या तालुक्यासाठी दूरचा नाही. महामार्गाचे चौपदरीकरण झाले, ते विकासासाठी आवश्यकही होते. पण रस्त्याकडेचे जुने वृक्ष, मैलाचे दगड, पाणपोया यांची मोजदाद आधी किती गावांनी केली? नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्पाचे काम अनेक वर्षे चालले आहे. त्याच्या बुडीत क्षेत्रातील गावांना नवी जागा घ्यावी लागते. मोबदल्याच्या यादीत घर येते, झाड येते, विहीर येते. गावाची पांढर, वेस, पार आणि वीरगळ यांचा रकाना त्या यादीत नसतो. ज्या भोनचा उल्लेख आरंभी झाला, ते स्थळही याच प्रकल्पाच्या पाण्याखाली जाण्याचा प्रश्न उभा राहिला आणि त्याच्या रक्षणाची मागणी पुढे आली. ती मागणी होऊ शकली, कारण तेथे उत्खनन झाले होते, नोंद होती. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी मागणी तरी कोण करणार? शेतीला पाणी हवेच. पण बुडण्यापूर्वी निदान आपले काय बुडते आहे, हे ठाऊक असण्याचा अधिकार गावाला आहे.

एक वही पुरे आहे

मग करायचे काय? मोठा निधी नको, मोठी संस्था नको. प्रत्येक गावाने एक वही करावी. तिच्यात गावाच्या शिवारातील प्रत्येक जुनी वास्तू, विहीर, कोरीव दगड, जुने झाड यांची नोंद व्हावी. स्थान, लांबी-रुंदी, आजची अवस्था, छायाचित्र, गावात प्रचलित नाव आणि ती माहिती कोणी व कोणत्या तारखेला सांगितली, एवढे रकाने पुरेत. दंतकथा असेल तर दंतकथा म्हणून लिहावी, पुरावा असेल तर पुरावा म्हणून. पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे म्हणून मोकळे होऊ नये. त्यात ज्या कारागिरांनी वर्षानुवर्षे दगड घडवला, त्यांच्यावर अन्याय होतो.

हे काम शाळेतील मुलांना द्यावे आणि त्यांना आजी-आजोबांकडे पाठवावे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या स्मरणात जे आहे, ते आणखी दहा वर्षांनी कोठेच मिळणार नाही. वही पूर्ण झाली की ती ग्रामसभेत वाचावी, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी. रस्ता रुंद होणार असेल, नवे सभागृह बांधायचे असेल, मंदिराला रंग द्यायचा असेल, तेव्हा ती वही आधी उघडावी.

कायदाही जाणून घ्यावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परदेशी पाठवण्यास १९७२ च्या कायद्याने कोणाही खासगी व्यक्तीला मनाई आहे. देशाच्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे, हे १९७६ मध्ये राज्यघटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. हे कर्तव्य नागरिकाचे आहे. पुरातत्त्व खात्याचा एक रखवालदार ते एकट्याने पार पाडू शकत नाही.

राष्ट्रावरील प्रेमाच्या घोषणा सोप्या असतात. राष्ट्र हे शेवटी अशा गावांचेच बनलेले आहे आणि ज्याला आपल्या वेशीवरच्या दगडाचे नाव ठाऊक नाही, त्याचे प्रेम अजून घराबाहेर पडायचे आहे. पावसाळा संपला की गवत वाळते, पांढरी आणि पडक्या विहिरी उघड्या दिसू लागतात. दिवाळीच्या सुटीत मुले मोकळी असतात. फूटपट्टी, वही आणि गावातील एक वृद्ध मनुष्य एवढ्या साहित्यावर पहिले पान त्या सुटीत लिहून होईल.